आईच्या माहेराचं रान, तेलरंगात

मी तेलरंग शिकलो ते आईमुळे, असं विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांना वाटतं, माझी आई चित्रं काढत असेल. आईनं जन्मात कुंचला हातात धरला नाही. तिला फक्त माहेर बघायचं होतं, आणि ते माहेर जागेवर उरलेलं नव्हतं.

अणशीच्या पलीकडे डोंगरात पाच-सहा घरांची एक वाडी होती. तिथली माणसं कुमरी करायची. रानाचा एक तुकडा तोडायचा, वाळवून जाळायचा आणि त्या राखेत नाचणी पेरायची. दोन-तीन पिकं निघाली की तो तुकडा रानाला परत देऊन दुसरा धरायचा. पुढे सरकारनं कुमरी बंद केली आणि वाडीला खाली रस्त्याच्या अंगाला जागा दिली. आईचं लग्न नेमकं त्याच वर्षीचं. लग्न होऊन ती आमच्या गावी, जगलबेटच्या बाजूला आली, आणि पहिल्या दिवाळीला माहेरपणाला गेली ती थेट नव्या जागेवर. छप्पर उतरवताना, खांब उपटताना, देवाचा दगड डोक्यावरून खाली आणताना तिच्या भावंडांनी पाहिलं होतं. त्यांचं रडून झालं होतं. आईनं काहीच पाहिलं नव्हतं, म्हणून तिच्या मनात ते घर उभंच राहिलं. "आमच्या घराम्होरं फणस हाय," असं ती म्हणायची. 'होता' म्हणाल्याचं मला आठवत नाही.

जुन्या जागेकडे जायला मग बंदी आली. मुलं झाली, शेती वाढली, गुडघे सुजू लागले. माहेरचा विषय निघाला की ती हातातलं काम जरा जोरानं करायची, एवढंच.

मी आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला. वडील खानापूरकडून या मुलखात आलेले, भात लावणारे. त्यांना सही येत नव्हती, पण मला बेळगावच्या शाळेत घालताना त्यांनी कुणाचा सल्ला विचारला नाही. पुढे पुण्याला बी. ए. झालो आणि बेळगावातच एका हायस्कुलात इतिहास शिकवू लागलो. ज्या ज्या लोकांनी मला त्या वर्षांत जेवू घातलं, पुस्तकं वापरायला दिली, पडवीत झोपायला जागा दिली, त्यांची आठवण काढल्याशिवाय मला स्वतःबद्दल काही लिहिता येत नाही. पण हा लेख झाडांचा आहे.

एका सुट्टीत मी घरी एक मासिक घेऊन गेलो होतो. त्यात रंगीत छापलेलं एक चित्र होतं, परदेशातलं कुठलंसं रान आणि त्यातून जाणारी वाट. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मासिक मांडीवर घेतलं.

"ह्ये कुणी बघून काढलं का मनानं?"

"बघून काढलं असणार."

"मग माझं माहेर बी काढता येईल कुणाला तरी."

मी म्हणालो, "येईल की."

"तू काढ," ती म्हणाली. "एवढा शिकलास."

बी. ए. झालेल्याला सगळं येतं अशी तिची समजूत होती. ती मोडायचा धीर मला झाला नाही.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक वृद्ध शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. ते मुंबईला रीतसर कला शिकून आलेले. शाळेत मुलांकडून भांडी आणि पानं काढून घ्यायचे, आणि रविवारी आपल्या पडवीत तेलरंगात काम करायचे. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास त्यांच्या कोटाला कायम असे. एका रविवारी मी तिथे जाऊन उभा राहिलो.

"काय हो बी. ए., रस्ता चुकलात?"

"मला तेलरंग शिकायचेत."

"कशासाठी? परीक्षा तर नाही यात."

मी खरं ते सांगितलं. त्यांनी कुंचला पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "आईचं माहेर म्हणजे फार मोठं काम झालं. आपण एका झाडापासून सुरुवात करू."

त्यांनी आपल्या जुन्या, अर्ध्या पिळलेल्या नळ्या मला दिल्या. हिरवी नळी मात्र दिली नाही. पिवळा आणि निळा घेऊन हिरवा आपला आपण करायचा, म्हणाले, म्हणजे प्रत्येक झाडाला त्याचा हिरवा मिळतो. बाजारातला तयार हिरवा लावला की सगळी झाडं एकाच कापडाची शिवल्यासारखी दिसतात.

माझं पहिलं झाड म्हणजे माळावरचा एक आंबा. गुरुजींनी डोळे अर्धे मिटून बघायला लावलं. पानं बघायची नाहीत, पानांचा ढीग बघायचा. उजेड कुठे पडलाय आणि सावली कुठे बसलीय एवढंच. सावली आधी, पातळ रंगात. उजेड शेवटी, जाड रंगात. मी सगळं ऐकलं, आणि सावलीची वेळ आली तेव्हा काळी नळी घेऊन निम्मं झाड काळं करून टाकलं.

गुरुजी मागे येऊन उभे राहिले. "झाडाला आग लागली होती का हो?"

"नाही."

"मग हे कोळसे कुठले?"

मी म्हणालो, "आमच्याकडे दाट रानाला काळं रानच म्हणतात, गुरुजी."

हे मी अगदी गंभीरपणे सांगितलं. आमच्याकडे खरंच तसं म्हणतात. विरळ, तोडलेलं ते नुसतं रान. ज्यात कोयता लागला नाही, दुपारी शिरलं तरी तिन्हीसांजेसारखं वाटतं ते काळं रान. हा शब्द मी चालायला शिकलो तेव्हापासून ऐकलेला. मी आंब्याकडे बघतच नव्हतो. मी तो शब्द रंगवत होतो.

गुरुजी हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. त्यांनी काळी नळी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. "ही मी सांगेपर्यंत मागायची नाही. आता सावलीत काय काय आहे ते बघा."

सावलीत काय असणार? पुष्कळ दिवस मला काही दिसलं नाही. मी निळा लावून बघितला, भाजक्या मातीचा तपकिरी लावून बघितला. कधी चिखल झाला, कधी शेवाळ. गुरुजी चिखल खरवडून टाकायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." त्यांनी मला दुसरं काही शिकवलं नसतं आणि फक्त हे न चिडता 'पुन्हा' म्हणणं शिकवलं असतं तरी मी त्यांचा ऋणी राहिलो असतो.

मग दिवाळीत घरी निघालो. लोंढ्याला आगगाडीतून उतरून पुढे बैलगाडी. वाट रानात शिरली आणि मी पाहिलं तो रानात काळं कुठेच नव्हतं. खोडांच्या पोटाशी जांभळट होतं. वेलींच्या मागे गडद निळं. कुजलेल्या पानांवर तांबूस. वरून कुठून तरी उन्हाचा कवडसा आला होता, तिथे इतका पिवळा हिरवा की माझ्या रंग कालवायच्या पाटीवर तो कधी झाला नव्हता. मी गाडीवानाला थांबायला सांगितलं.

"पोटात दुखतंय व्हय?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणालो. पण खरंच काहीतरी दुखत होतं. आजवर ज्या रानातून मी नुसता जात होतो ते मला पहिल्यांदा दिसत होतं, त्याचा आनंद होता. आणि ज्या रानाला आई काळं म्हणते ते मला आता तिच्यासारखं कधी दिसणार नाही, हेही कळलं होतं. शिकायला घर सोडलं तेव्हा जी हुरहूर वाटली होती तीच पुन्हा वाटली, या वेळी घरी परतताना.

पुढच्या मे महिन्यात मी कॅनव्हास घेऊन अणशीकडे गेलो. बरोबर मामा होता, आईचा धाकटा भाऊ. वाडी हलली तेव्हा तो लहान होता. जुन्या जागेवर जायचा परवाना नव्हता, म्हणून तो मला अलीकडच्या डोंगराच्या धारेवर घेऊन गेला आणि हात लांब करून म्हणाला, "ती घळ दिसती न्हवं? तिच्या डाव्या अंगाला. तिथं."

मला डोंगरउतारावर निळसर धूसर झाडी दिसली, एवढंच. पण दृश्य सुंदर होतं. जवळ एक वाकडा भेरली माड, त्याच्यामागे दाट झाडांचे तीन थर, प्रत्येक थर मागच्यापेक्षा गडद, आणि शेवटी ती निळी घळ. गुरुजींनी शिकवलेलं सगळं मी त्यात घातलं. दूरची झाडं थंड रंगात, जवळची उष्ण. फांद्यांमधून आकाशाच्या फटी. झाडं एका ओळीत येऊ द्यायची नाहीत, हा त्यांचा कडक नियम होता. निसर्गात ओळ नसते, म्हणायचे. मामा झाडाखाली झोपला होता. उठून बघून म्हणाला, "झ्याक हाय. पण ह्यात आमी कुठं?"

चित्र घरी आणून मी आईसमोर पडवीत ठेवलं. ती पदरानं हात पुसत आली. जवळ बसली. मग उठून लांब जाऊन बसली. पुन्हा जवळ आली.

"हे कुठलं?"

"तुझं माहेर. मामानं दाखवलं तिथून काढलं."

"लांबून काढलास."

"जवळ जाऊ देत नाहीत, आई."

"मी काय लांबून बघत होते व्हय?" ती म्हणाली. "मी दारात बसत होते. म्होरं फणस. फणसाच्या मागं काळं रान. ह्ये तर कुणी पावण्यानं बघितल्यावानी झालं." मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाली, "चांगलं हाय. डोंगर ओळखू येतोय. फकस्त घर घाल तेवढं."

मी अडचणीत पडलो. जे डोळ्यांना दिसलं नाही ते काढायचं नाही, हे मी शिकलो होतो. आणि घर तिथे नाही हे आईला ठाऊकच होतं. पण हे सगळं तिला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी कुंचले पुन्हा काढले.

तो पाऊसकाळ आमच्या घरात त्या घराच्या जागेवरून भांडणात गेला. तेलरंग मुळातच सावकाश सुकतो, आणि आमच्याकडच्या दमट हवेत तर तो सुकतच नाही. बोट लावलं की बोटाला येतो. मी बेळगावाहून यायचो तेव्हा रंग ओलाच असायचा, आणि आईनं काहीतरी ठरवून ठेवलेलं असायचं.

"घर जरा खाली घे. तितं उतार हाय."

मी खाली घ्यायचो. मामा आलेला असला तर तो म्हणायचा, "अक्का, खाली कुठलं? पावसाचं पानी घरात आलं असतं."

"येतच हुतं. आई सुपानं बाहिर लोटायची. तू तवा पाळण्यात."

"पाळण्यात कुठला! मी खांब धरून खाली आलोय. खांदा सोललावता माझा."

"लय मोठा खांब धरणारा. खांबाला तू धरलंवतंस का खांबानं तुला?"

वडील सुपारी कातरत ऐकत असायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, तुझ्या त्या घराला चाकं लाव. सोपं जाईल."

सगळे हसले. आईही हसली. पण फणसावर ती हसायची नाही. फणस दारासमोर, पण उजव्या हाताला की डाव्या, हे तिला आठवेना. डोळे मिटून ती दारात बसल्यासारखी बसायची, एक हात पुढे करायची, मग दुसरा. "हिकडं," म्हणायची, आणि जरा वेळानं, "न्हाई... थांब." मामाला तर फणसच आठवत नव्हता. मी दोन्ही बाजूंना फणस काढून पाहिला, पुसला, पुन्हा काढला. रंगावर रंग चढून तिथे गठ्ठा झाला. एका संध्याकाळी आई त्या गठ्ठ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला जाऊन बघाया पायजे रं. मी मरायच्या आधी इसरून जाईन."

ते चित्र सोडलं तर तिनं आयुष्यात माझ्याकडे एवढंच मागितलं. वडिलांनी सुपारी खाली ठेवली आणि म्हणाले, "नेऊन आण तिला."

मी इंग्रजीत अर्ज लिहिला. माझ्या इंग्रजीचा आईला झालेला हा एवढाच उपयोग असेल, पण झाला. जंगलखात्याच्या साहेबानं एका दिवसाचा परवाना दिला. चित्र काढण्यासाठी, असं मी कारण लिहिलं होतं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून रंगाची पेटी आणि एक कोरा कॅनव्हास बरोबर घेतला.

माघात उळवीच्या जत्रेला आमच्या बाजूनं गाड्या निघतात. त्यांच्याबरोबर आम्ही कुंभारवाड्यापर्यंत गेलो. बायका बसवण्णाची गाणी म्हणत होत्या, काही कानडीत, काही मराठीत. आईला सगळ्यांनी विचारलं, "जत्रंला काय?" आणि तिनं प्रत्येकीला सांगितलं, "न्हाई, माह्यारला." पंचेचाळिशीच्या पुढची बाई हे असं सांगते याची कुणी थट्टा केली नाही. एकीनं तर गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

कुंभारवाड्यापासून आमची एकच गाडी अणशीकडे वळली. जिथे गाडीवाट संपली तिथे मामा वाट बघत होता. तिथून पायवाट. आई एका हातानं काठी आणि एका हातानं मामाचा खांदा धरून चढली. मी मागून पेटी आणि कॅनव्हास घेऊन. वाटेत दाट रान होतं, थंडगार, आणि आई त्यातून जाताना प्रत्येक वळणाला सांगत होती की आता ओढा येईल, आता मोठा धोंडा येईल. ओढा आला. धोंडा आला. तिला धाप लागली होती तरी ती थांबत नव्हती.

"आता काळं रान संपलं की अंगण," ती म्हणाली.

रान संपलं. आणि समोर साग होता.

साऱ्या उतारावर सागाची लागण केलेली. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची, सरळ उभी खोडं, एकामागे एक, एकामागे एक. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी ओळच. माघात साग पान गाळतो. डोक्यावर एक पान नव्हतं, आणि खाली घोट्यापर्यंत सुकलेल्या पानांचा थर. उजेड इतका होता की डोळे दिपले. आम्ही पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा.

आई थांबली. मग मामाला म्हणाली, "वाट चुकला न्हाईस न्हवं?"

"न्हाई अक्का."

"नीट बग."

"हीच घळ. हाच उतार. वरती बग, डोंगराचं नाक त्येच हाय."

तिनं वर पाहिलं. डोंगर तोच होता. तिनं पुन्हा खाली पाहिलं, त्या ओळींकडे. "कवायतीला उभी केल्यात जनू," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, पण मामानं मान फिरवली.

मला वाटलं, मी हे काय केलं. तिच्या मनात घर उभं होतं ते मी इथे आणून पाडलं. मी म्हणालो, "आई, परत जाऊ या."

ती ऐकत नव्हती. तिनं काठी मामाकडे दिली आणि सागाच्या दोन ओळींमधून पानं तुडवत चालू लागली. थोडं उतरली, उजवीकडे वळली, परत आली, डावीकडे गेली. पायानं पानं बाजूला सारत होती. मामा आणि मी नुसते उभे. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी पानं उपसू लागली. आम्ही धावलो. तिथे जमिनीतून वर आलेला काळा सपाट खडक होता, आणि त्यात एक खोल गोल खळगा. धान्य कांडायचं उखळ. पिढ्यान्‌पिढ्या मुसळ पडून आतून गुळगुळीत झालेलं. खांब नेता आले, देव नेता आला. खडक कोण नेणार? तो त्यांना मागे ठेवावा लागला होता.

आईनं आतली कुजलेली पानं, माती, एक मेलेला खेकडा, सगळं काढलं. मग कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला.

"हितं दार," ती म्हणाली. "हितं मी उभी ऱ्हायची, समोर आई. दोघी कांडत हुतो." तिनं मान वळवली आणि दुसरा हात लांब केला. या वेळी तो डळमळला नाही. "आनि तितं फणस."

तिथे साग होता. पण तिनं दाखवलं तिथे मी बघत राहिलो.

मग ती रडली. मामाही तिच्याजवळ बसून रडला. खांब वाहून आणताना त्यानं पाहिलेलं, भोगलेलं सगळं, तो तिला सांगू लागला. त्यांची आई कुठली माती पदरात बांधून आणत होती. बा मागं वळून बघायला तयार नव्हता. आपण खांद्याला लागलं म्हणून रडतोय असं मामानं सगळ्यांना कसं सांगितलं होतं. आई प्रश्न विचारत होती, तो उत्तरं देत होता. मी जरा दूर जाऊन बसलो.

बऱ्याच वेळानं आई मला म्हणाली, "काढ आता."

"काय काढू?"

"हाय त्ये काढ. एवढं वझं आणलंस न्हवं?"

मी कॅनव्हास एका खोडाला टेकवून बसलो. सुरुवातीला हात चालेना. या ओळींचं चित्र करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी डोळे अर्धे मिटले. मग हळूहळू दिसायला लागलं. खोडं राखाडी नव्हती. उन्हाच्या बाजूनं ती फिकट गुलाबी होती आणि सावलीच्या बाजूनं निळसर. पाचोळ्यात तांबडा, पिवळा, ताम्रवर्णी असे किती रंग होते. ओळींच्या सावल्या तिरक्या पडून उतारावरून वाहत गेल्यासारख्या जात होत्या, आणि त्या सावल्या मात्र सरळ नव्हत्या. जमीन जिथे जिथे उंचसखल होती तिथे वाकत होत्या. जुन्या अंगणाची, पायरीची, वाफ्यांची जमीन अजून खाली तशीच होती. सावल्यांमुळे ती कळत होती. मी ती काढली. माझ्या हातून झालेलं ते पहिलं चित्र, जे काढताना मला गुरुजींचं वाक्य एकही आठवलं नाही, आणि तरी त्यातला प्रत्येक फटकारा त्यांनीच दिलेला होता.

ऊन कलायला लागल्यावर आई उठून मागे आली. या वेळी ती जवळ, लांब असं करत बसली नाही. उभ्यानंच बघितलं.

"मी कुठं हाय ह्यात?"

"तू या बाजूला बसली होतीस. चित्राच्या बाहेर."

"माझ्या माह्यारात मीच बाहिर? घाल मला."

चित्रात उखळ काढलं होतं तिथे मी तिला घातलं. हिरव्या लुगड्याचे दोन फटकारे, वर डोक्याचा एक ठिपका. उजेड जात होता, घाई होती. आईनं वाकून पाहिलं.

"ही बाई उठायच्या बेतात दिसती," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर नीट बसवतो."

"नगं. बसवू नगंस. गाडी थांबलीय तिची."

मामा पाचोळ्यात काहीतरी शोधत फिरत होता. रानकेळ, एखादं फळ, एखादं फूल, काहीही. पण सागाखाली काय मिळणार? तो रिकाम्या हातांनी परत आला आणि अवघडून उभा राहिला.

"अक्का, माह्यारातनं तुला रिकामीच कशी लावून देऊ? खण न्हाई, नारळ न्हाई. माज्या ध्यानातच आलं न्हाई."

"रिकामी कशापायी?" आई म्हणाली. तिनं माझ्या हातातून कॅनव्हास घेतला. मी ओरडलो, रंग ओला आहे, लुगड्याला लागेल. तिनं पदर पुढे पसरला, चित्र उताणं ओटीशी धरलं आणि कडा दोन्ही हातांनी घट्ट पकडल्या. उतरताना मामा म्हणाला, मी धरतो; मी म्हणालो, मी धरतो. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. काठीही घेतली नाही. मामा तिच्या पुढे उलटा चालत, तिच्या पायाखालचे धोंडे बाजूला सारत, खाली गाडीपर्यंत गेला.